तोंड पाहून गळ

कटल्याचा खालचा जबडा पुढं आलेला असतो, तोंड वर आभाळाकडं उघडतं. मृगळाचं तोंड खाली, चिखलाकडं. रोहूचं दोघांच्या मधे, जाडसर ओठांचं, ओठाला बारीक झालर. परभणीच्या मासळी बाजारात हे तिघं एकाच पाटीत पडलेले असतात आणि गिऱ्हाईक भाव करून पुढं जातं. गळ टाकणाऱ्यानं तिथं दोन मिनिटं थांबावं. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. तिघांचं बीज एकाच तलावात सोडतात ते याच हिशोबानं. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. गळ किती खोल सोडायचा हे दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही, उत्तर पाटीत पडलेलं असतं.

गंगाखेडला गोदावरीच्या काठावर ज्यांच्या शेजारी बसून मी हे शिकलो, ते मामा भोई समाजातले. पोट जाळ्यावर, गळ हा दुपारचा शौक. हातात वेळूची काठी, रीळ नाही. काठीच्या शेंड्याला नायलॉनचा तंगूस बांधलेला, त्यावर तरंगी म्हणून मोरपिसाच्या देठाचा बोटभर तुकडा, टोकाला गळ. मी आपला डबा उघडून गळाचे नंबर विचारत बसायचो. ते म्हणाले, "सर, आधी पाणी बघा. डबा मागून उघडा."

पाणी बघणं म्हणजे काय, तर पायरीवर उकिडवं बसून हात मनगटापर्यंत बुडवायचा आणि तळहाताच्या रेषा दिसतात का ते पाहायचं. दिसल्या तर तंगूस बारीक आणि आमिष लहान, कारण माशालाही तेवढंच स्वच्छ दिसतंय. नाही दिसल्या तर दोरा जाड चालतो, पण आमिषाला वास हवा. मग देठ वरखाली सरकवून खोली जमवायची. देठ पाण्यावर आडवा पडला की समजावं, गळ तळाला टेकलाय. मृगळासाठी एवढं पुरे. उभा राहिला तर गळ अधांतरी आहे, तिथं रोहूची वाट पाहायची. चिलापी लागली तर देठ नुसता टकटक नाचतो. रोहू तो तिरका ओढत नेतो, घाई न करता. हा फरक डोळ्यांत बसायला बराच काळ जातो, आणि तोवर कणीक चिलापीच खाते.

कणकेचंही एक तंत्र आहे. गव्हाची कणीक, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग, आणि या सगळ्यात पिंजलेल्या कापसाचे तंतू. नुसती कणीक पाण्यात बघता बघता विरघळते आणि आपण मोकळ्या गळावर ध्यान लावून बसतो. कापसानं गोळी धरून राहते. परभणीत कापसाला भाव मिळो न मिळो, गळाला तो हमखास चालतो. गोळी मात्र मऊच हवी. रोहू-कटल्याच्या जबड्यात दात नसतात, त्यांचे दात घशात. हे मासे चावत नाहीत, तोंडात ओढून घेतात, आणि काही टोचलं की तेवढ्याच चपळाईनं थुंकतात. म्हणून गळाचं टोक कणकेत पुरतं लपवायचं, पण एवढंही खोल नाही की झटका दिल्यावर ते बाहेरच येणार नाही.

तंगूसाला लोक उगाच नावं ठेवतात. नायलॉनचा हा दोरा ओला झाला की थोडा कमजोर होतो, उन्हात महिनोन् महिने पडला तर ठिसूळ होतो, हे खरं. पण तो ताणला जातो, आणि मऊ ओठाच्या माशासाठी हा ताण म्हणजे मोठाच गुण आहे. मासा उसळला की झटका दोरा खातो, ओठ फाटत नाही. दोरा तुटतो तो बहुतेक वेळा गाठीपाशी. कोरडी गाठ आवळली की घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉन तिथंच दुखावतं. मामा गाठ आधी थुंकीनं ओली करतात, मगच सावकाश आवळतात.

मरळीपाशी हा सगळा हिशोब उलटा होतो. मरळ हवा गिळायला पाण्यावर येते, बेशरमाच्या झुडपांत आणि जलपर्णीच्या कडेला दबा धरून असते, आणि तिचं तोंड हाडाचं, दातांचं. तिथं बारीक तंगूस म्हणजे दोरा आणि मासा दोन्ही सोडून देणं. विणलेला दोरा लागतो, जो ताणला जात नाही. गळ लागल्या क्षणी तिला झुडपाबाहेर खेचावं लागतं. पूर्वी गळाला जिवंत बेडूक लावत. मोठ्या बेडकाला आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि तसंही ते बघवत नाही. पोरं रबरी बेडूक मागवतात, त्याचे गळ पाठीशी चिकटलेले असतात, म्हणून तो पानांत न अडकता घसरत येतो. काम चोख करतो. एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. मरळीची लालसर पिल्लं पाण्यावर झुंडीनं फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात. नेमकं त्या झुंडीतून रबरी बेडूक ओढला की राखणीतली मरळ चवताळून धरते. भूक नसताना धरते. ही शिकार सोपी आहे, आणि मागं उरलेली पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

रबरी बेडकाचे भाऊबंद थंड देशांत फार जुने. ट्राउट माशासाठी पिसं आणि केस गळावर बांधून लहान माशाचं सोंग तयार करतात, त्याला स्ट्रीमर म्हणतात. 1930च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर डॉन गेपननं बांधलेला मडलर मिनो त्यातला गाजलेला. तळाच्या दगडांत राहणारा एक मोठ्या डोक्याचा मासा तिथले ट्राउट खातात, तर त्यानं हरणाचे केस कातरून तसंच डोकं केलं. ट्राउट आपल्याकडं काश्मीर, हिमाचल, निलगिरीत ब्रिटिशांच्या काळात आले. परभणीच्या उन्हाळ्यात ते तगणं शक्य नाही. पण त्या पद्धतीतली एक गोष्ट इथल्या घाटावर बसूनही कळण्यासारखी आहे. पिसांचं सोंग इतकं हलकं की ते फेकताच येत नाही, म्हणून वजन दोरीत असतं. दोरी तरंगणारी घ्यायची की बुडणारी, यावर सोंग कुठल्या थरातून पोहणार ते ठरतं. आपण शिशाची गोळी चिमटतो आणि देठ सरकवतो, ते याच प्रश्नाचं उत्तर.

आणि शिशाचा प्रश्न आता गोदावरीवर फारसा उरलेला नाही. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, दिग्रस असे उच्च पातळी बंधारे झाले आणि परभणी जिल्ह्यातली नदी वर्षातला बराच काळ एकामागून एक तुंबलेल्या पाण्याची झाली. शेतीला पाणी मिळालं, त्याबद्दल तक्रार कोण करील? पण ओढ गेली तसा गळही बदलला. वाहत्या पाण्यात आमिष तळाला धरून ठेवायला शिसं लागायचं, खडकाच्या सांदीतल्या वामीसाठी गांडूळ लावायचं, डोहातल्या शिवड्यासाठी रात्री जिवंत मासोळी. शिवड्याच्या बारीक दातांसाठी गळाच्या वर वीतभर तार. थांबलेल्या पाण्यात देठ आणि कणीक यांच्यावरच भागतं, आणि हाती बहुतेक चिलापी येते, जी 1952 साली परदेशातून भारतात आणली गेली आणि आता कुठल्याही पाण्यात आपलंच घर समजते.

ओढ बघायची तर पावसाळ्यात यावं, नाहीतर जिंतूर तालुक्यात पूर्णेवर जावं. येलदरी धरण 1968चं, पायथ्याला वीजघर. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की खालची पूर्णा चढते, आणि चढत्या पाण्यात पात्रात उतरायचं नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. काठावरून तिथं देठ कामाचा नाही, धार त्याला लगेच कडेला आणून टाकते. देठ काढून टाकायचा, शिशाची गोळी गळापासून वीतभर वर चिमटायची, गांडूळ लावायचं आणि तंगूस बोटावर घेऊन बसायचं. शिसं खडकावर घासलं तर बोटाला खरखर लागते. वाम ओढते तेव्हा आधी काहीच लागत नाही, मग एकदम जड. त्यावेळी सैल सोडलं की ती शेपूट कपारीत घालून बसते, आणि मग तंगूस कापण्याखेरीज इलाज राहत नाही.