मिक्स ब्रीड कुत्रा आणि पर्सनलाइज्ड गिफ्ट : जिथे रेडीमेड संपतं, तिथे तुमचा धंदा सुरू होतो



गिफ्टच्या दुकानात जाऊन लॅब्रॅडॉरचं चित्र असलेला मग मागा. मिळून जाईल. पगचा मागा, जर्मन शेफर्डचा मागा, तोही मिळेल. आता म्हणा, "आमचा मोती अर्धा लॅब, अर्धा गावठी. एक कान उभा, एक पडलेला. त्याचा मग द्या." दुकानदार नुसता बघत राहील. मित्रांनो, ही रिकामी जागाच तुमची संधी आहे.

रेडीमेड का चालत नाही?

एक खरी गोष्ट बघा. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडॉर आणि स्टँडर्ड पूडल यांचा क्रॉस करून बघितला. हवाईमधल्या एका अंध बाईंना गाइड डॉग हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली. आईबाप एकच, तरी केस आणि लाळ तपासल्यावर तिघांपैकी एकच पिल्लू त्या घराला चाललं. यातूनच 'लॅब्राडूडल' हे नाव जगभर गेलं.

यातून धंद्याचा मुद्दा काय? क्रॉस कुत्र्यांत सख्खी भावंडंसुद्धा सारखी नसतात. त्यामुळे जातीचं छापील चित्र इथे उपयोगाचं नाही. मालकाला हवा असतो त्याचाच मोती. म्हणून इथे फोटो हाच तुमचा कच्चा माल.

फोटो असा मागवा

दिवसाच्या उजेडात, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढलेला फोटो मागा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याची क्वालिटी कमी होते, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवायला सांगा. त्या कुत्र्याची ओळख काय, हेही विचारा: पडलेला कान, छातीवरचा पांढरा पट्टा, वाकडी शेपूट. डिझाइन करताना हेच 'सुंदर' करायच्या नादात पुसलं गेलं, तर ग्राहक म्हणणार, "हा आमचा नाही."

छपाईतली एक गोम

मगवर सहसा सब्लिमेशन प्रिंटिंग होतं. उष्णतेने शाईची वाफ होऊन ती मगच्या कोटिंगमध्ये मुरते. या पद्धतीत पांढरी शाई नसते. जिथे पांढरं दिसतं, तो मगचाच रंग. म्हणून पांढऱ्या छातीचा कुत्रा पांढऱ्या बॅकग्राउंडवर ठेवलात तर छाती गायब! मागे हलका निळा किंवा पिवळा रंग द्या. उशीचं कव्हर करायचं असेल तर पॉलिएस्टरचं, फिक्या रंगाचं घ्या. सुती कापडावर हा रंग टिकत नाही.

हिशोब कागदावर मांडा

समजा (तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका):
- कोरा मग : ९० रु.
- शाई, पेपर, वीज : १५ रु.
- बॉक्स, बबल रॅप : २५ रु.
- तुमची मजुरी : ६० रु.
- एकूण : १९० रु. विक्री : ३५० रु. नफा : १६० रु.

आता समजा नावाचं स्पेलिंग चुकलं आणि मग पुन्हा करून द्यावा लागला. खर्च झाला ३८०, हातात आले ३५०. म्हणजे ३० रुपये खिशातून गेले. शिवाय चुकलेला मग दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. दुसऱ्याच्या मोतीचा मग कोण घेणार?

म्हणून दोन नियम पक्के करा. निम्मे पैसे ॲडव्हान्स. आणि डिझाइन पाठवून ग्राहकाचं "ओके" लेखी आल्याशिवाय मशीन गरम करायचं नाही.

एक नाजूक ऑर्डर

काही जण गेलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन येतील. तो फोटो जुना, अस्पष्ट असेल, आणि दुसरा मिळणार नाही. अशा वेळी मोठ्या फ्रेमचा आग्रह धरू नका. छोट्या कीचेनवर अस्पष्ट फोटोही बरा दिसतो. जे शक्य आहे तेच सांगा. धंदा थोडा कमी होईल, पण ते घर तुम्हाला विसरणार नाही.

या आठवड्याचं काम : ओळखीतल्या तीन घरांतून त्यांच्या मिक्स कुत्र्याचे फोटो मागवा, डिझाइन करा आणि फक्त मोबाईलवर दाखवा. "हाच आमचा!" असं तिघांपैकी दोघं म्हणाले, तरच मशीनचा विचार करा. मशीन कुठेही मिळेल, आधी नजर तयार होऊ द्या.