अफूचे व्यसन : एक कुलूप आणि तीन किल्ल्या

काट्याने काटा काढावा, असे आपण म्हणतो. परंतु अफूच्या व्यसनावर अफूच्याच गुणधर्माचे औषध द्यावयाचे, हे प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटते. एक व्यसन सोडवून दुसरे लावण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

मेंदूतील पुष्कळ पेशींवर 'ग्राही' नावाची सूक्ष्म स्थाने असतात. अफूतील मॉर्फिन आणि मॉर्फिनपासून बनविलेले हेरॉइन यांना धरून ठेवणारे ग्राही १९७३ साली प्रयोगाने दाखविण्यात आले. ग्राही हे कुलूप व मॉर्फिन ही किल्ली मानू. किल्ली पूर्ण फिरली म्हणजे वेदना शमते, गुंगी येते. पण श्वासही मंदावतो. अतिमात्रेने मृत्यू येतो तो यामुळेच. नित्य सेवनाने शरीर या अवस्थेस सरावते. मग अंमल उतरताच अंगदुखी, उलट्या, अतिसार, निद्रानाश सुरू होतात आणि रोगी पुन्हा त्याच द्रव्याकडे धावतो.

मेथाडोन हीदेखील पूर्ण फिरणारी किल्ली होय. मात्र तिचा परिणाम सावकाश होतो व दीर्घकाळ टिकतो. न्यूयॉर्क येथे १९६४ च्या सुमारास व्हिन्सेंट डोल व मारी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रोग्यांना ती देण्यास आरंभ केला. दिवसातून एका मात्रेने अंमलाचे चढउतार थांबले आणि रोगी कामधंद्याकडे वळू लागले. परंतु मेथाडोनवर हेरॉइन घेतल्यास दोहोंचा भार श्वासावर एकदम पडतो.

ब्युप्रेनॉर्फिन ही किल्ली अर्धवटच फिरते, पण कुलुपात घट्ट बसते. ती आत असता हेरॉइनला फारसा वाव राहत नाही. उलट हेरॉइन आधीच आत असेल, तर ती त्यास बाहेर सारते. पूर्ण परिणामाच्या जागी अर्धवट परिणाम येतो व वरील त्रास एकाएकी उसळतो. म्हणून तो त्रास आपोआप सुरू झाल्यावरच पहिली मात्रा देतात.

नाल्ट्रेक्झोन कुलुपात बसते, परंतु मुळीच फिरत नाही. ते सुरू करण्यापूर्वी सामान्यतः सात ते दहा दिवस शरीर अफूजन्य द्रव्यांपासून मुक्त असावे लागते. पुढे ते बंद केल्यावर धोका वाढतो. कारण शरीराचा सराव मोडलेला असतो आणि पूर्वी पचणारी मात्राही प्राण घेऊ शकते. याचाच भाऊबंद नालॉक्सोन हा अतिमात्रेच्या प्रसंगी हेरॉइनला हटवून काही मिनिटांत श्वास परत आणतो. मात्र त्याचा प्रभाव अर्ध्या ते दीड तासात ओसरतो व श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून रोगी शुद्धीवर आला तरी त्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे.

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर देता येईल. कुलूप एकच असले, तरी किल्ली किती फिरते व किती वेळ टिकते, यावर रोग्याचा सारा दिवस अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारतातही शासकीय केंद्रांतून ही औषधे दिली जातात. ती घेणाऱ्यास 'अजून व्यसनीच' म्हणून हिणवू नये. लोकलज्जेने त्याने औषध मध्येच सोडले, तर जुन्या मात्रेकडे परतण्याचा मार्ग त्याच्या जिवावर बेतू शकतो.