डुकराचं रक्त काय सांगतं?

विषय डुकरांचा आणि बोलणारा मी, हे पाहून काही मंडळींना हसू येईल. आमच्या घरांत या प्राण्याचं नाव घ्यायलाही माणसं कचरतात. पण खाणं-न खाणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग झाला. गल्लीतून फिरणाऱ्या एखाद्या जिवाला कोणता आजार आहे आणि तो माणसापर्यंत कसा पोचतो, हे जाणून घ्यायला कोणत्याच धर्माची आडकाठी नाही. नालीचं पाणी सगळ्यांच्याच दारावरून वाहतं.

आजाराचं नाव लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पूर ओसरल्यावर तापाची साथ आली आणि हे अवघड नाव वर्तमानपत्रांतून घरोघर गेलं. लोकांनी ते 'उंदरांचा ताप' म्हणून लक्षात ठेवलं. ते खरं आहे, पण अर्धंच. उंदीर, कुत्री, गाई-म्हशी आणि डुकरं यांच्या मूत्रपिंडात हे जंतू मुक्काम करतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात ते काही आठवडे तग धरतात. पायाला भेगा पडलेला, हाताला कापलेलं असलेला माणूस तिथं उतरला की त्या वाटेनं ते शरीरात शिरतात. कोरड्या उन्हात मात्र ते लवकर मरतात.

मग बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्याला याची काय चिंता, असं कोणी विचारील. दोन कारणं आहेत. एक म्हणजे, दसरा झाला की आपली लाखो माणसं कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटकाकडे जातात. ओल्या फडात त्यांचा दिवस जातो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९३४-३५ साली ऊसतोड मजुरांनी याच आजारावरून संप केले होते. फडातले उंदीर पळून जावेत म्हणून तोडणीआधी ऊस जाळा, ही त्यांची मागणी होती. दुसरं कारण आपल्या गावातलंच. पावसाळ्यात नाल्या तुंबतात आणि मोकाट डुकरं त्याच चिखलात लोळतात. युरोपात आल्प्सच्या परिसरात तर या तापाच्या एका प्रकाराला 'डुक्कर पाळणाऱ्यांचा आजार' असंच नाव होतं. त्यामागं लेप्टोस्पायरा आहे, हे स्वित्झर्लंडच्या गसेल या डॉक्टरांनी १९४४ मध्ये दाखवून दिलं.

डुकरात हा आजार ओळखायचा कसा? जनावर बहुधा आजारी दिसतच नाही. खातं, हिंडतं. डुकरिणीचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा. शेवटच्या टप्प्यात ती गाभडते, मेलेली किंवा अशक्त पिल्लं टाकते, तेव्हा मालकाच्या लक्षात येतं. चार-पाच डुकरिणींवर ज्याचं घर चालतं, त्याच्या वर्षाच्या कमाईलाच खिंडार पडतं. कोणी म्हणतं विष घातलं, कोणी म्हणतं नजर लागली. पण गाभडण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं नेमकं कोणतं, हे नुसतं पाहून डॉक्टरही सांगू शकत नाहीत. इथं रक्ताला विचारावं लागतं.

डुकराचं रक्त काढणं सोपं काम नाही. वरच्या जबड्यात फास अडकवून त्याला धरायचं आणि मानेखालच्या मोठ्या शिरेतून सुईनं रक्त घ्यायचं. त्या किंचाळण्यानं सगळी गल्ली गोळा होते. रक्त गोठू दिलं की वर पिवळसर पाणी सुटतं. ते रक्तजल. जंतूंशी झुंजताना शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं त्यात असतात.

प्रयोगशाळेत लेप्टोस्पायराच्या निरनिराळ्या जाती जिवंत वाढवलेल्या असतात. रक्तजल पातळ करत नेतात : एकास शंभर, एकास दोनशे, एकास चारशे. प्रत्येक पातळीत जिवंत जंतू मिसळून, काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रतिपिंडं असतील तर जंतू एकमेकांना चिकटून पुंजके होतात. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत निम्मे जंतू चिकटलेले दिसतात, तो आकडा म्हणजे 'टायटर'. या चाचणीला 'मॅट' म्हणतात. तिचं मूळ १९१८ सालच्या मार्टिन आणि पेटी यांच्या कामात आहे आणि आजही तीच प्रमाण मानली जाते.

आकडा हाती आला, पण तो वाचायचा कसा, हे महत्त्वाचं. एका डुकराचा आकडा शंभर निघाला, तर जंतूशी त्याची गाठ पडली होती एवढंच कळतं. ती कधी पडली, ते कळत नाही. उलट, मूत्रपिंडात जंतू बाळगणाऱ्या एखाद्या डुकराचा आकडा शंभराच्या खालीही असू शकतो. ताजा आजार असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. आकडा चौपट वाढला तर खात्री पटते. पण डुकरीण गाभडते, तेव्हा लागण होऊन बरेच दिवस उलटलेले असतात. आकडा आधीच चढून बसलेला असतो, तो आणखी वाढेलच असं नाही.

म्हणून एकट्या डुकराला विचारून भागत नाही, कळपाला विचारावं लागतं. किमान दहा जनावरं किंवा कळपाचा दहावा हिस्सा, यांपैकी जे जास्त असेल तेवढे नमुने घ्यावेत, असा जागतिक पशुआरोग्य संघटनेचा दंडक आहे. गाभडलेल्या आणि न गाभडलेल्या डुकरिणींचे आकडे शेजारी ठेवून पाहतात. गाभडलेल्यांपैकी बहुतेकींचे आकडे हजाराच्या वर असतील, तर संशय पक्का होतो. जोडीला मेलेल्या पिल्लाचं मूत्रपिंड किंवा डुकरिणीची लघवी तपासता आली तर आणखी बरं.

१९०७ मध्ये स्टिमसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हा जंतू पहिल्यांदा पाहिला. टोकाशी वाकलेला त्याचा आकार त्यांना प्रश्नचिन्हासारखा दिसला, म्हणून 'प्रश्न विचारणारा' अशा अर्थाचं लॅटिन नाव त्यांनी त्याला दिलं. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला ते नाव फार आवडतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर घाईनं देऊ नये. वस्तीत ताप आला की 'आधी डुकरं हाकला' असा गलका होतो. हाकललेलं डुक्कर पलीकडच्या वस्तीत जातं आणि जंतू तिथं पोचतो. उंदीर तर जागचे हलतही नाहीत. तपासणी झाली तर कोणत्या कळपाला औषध द्यायचं, कोणती जनावरं वेगळी, कोरड्या जागी ठेवायची, हे ठरवता येतं. जनावरांतही प्रतिजैविकांनी यावर उपचार होतात.

डुकरं पाळणाऱ्या बंधू-भगिनींना माझं एवढंच सांगणं आहे : गाभडलेली पिल्लं उघड्या हातांनी उचलू नका आणि उकिरड्यावर फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नमुना कुठं पाठवायचा ते दवाखान्यात विचारा. आणि घरात कोणाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर डॉक्टरांना न लाजता सांगा, 'आम्ही डुकरं पाळतो' किंवा 'आम्ही ऊसतोडीवरून आलो आहोत'. माणसाच्या रक्तातही पहिल्या काही दिवसांत प्रतिपिंडं दिसत नाहीत, त्यामुळं पहिला अहवाल निर्दोष आला तरी ताप हटत नसेल तर पुन्हा तपासून घ्या. आजार वेळेत कळला तर औषध साधं आणि स्वस्त आहे. उशीर झाला तर तो मूत्रपिंडावर, यकृतावर जातो आणि जीवही घेतो.