गरम कुंडांखाली ज्वालामुखी नाही

कोकणातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे पाहून अनेकांना वाटते, की खाली ज्वालामुखी धुमसत असावा किंवा गंधकाने पाणी तापत असावे. तसे नाही, गंधकाने पाण्याला वास येतो, उष्णता नव्हे. भूऔष्णिक ऊर्जा (पृथ्वीच्या पोटातली उष्णता) सगळीकडेच आहे. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. कोकणात पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तापते आणि वर येते. बंबात वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत यावे, तसेच हे. या उष्णतेचा उपयोगही करून घेता येतो. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर विजेचे दिवे लागले. आइसलँडमध्ये बहुतेक घरे याच उष्णतेने ऊबदार राहतात. कोकणातले पाणी विजेपेक्षा मासळी किंवा फळे वाळवायला अधिक सोयीचे आहे, आणि त्या उपयोगाचा विचार आधी व्हायला हवा.