हिशेब लिहायला माणूस पाहिजे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्या ना कुठल्या शटरवर बारमाही एक पाटी असते: ‘लेथ ऑपरेटर पाहिजे. वेल्डर पाहिजे.’ कधीतरी तिच्याखाली खडूने आणखी एक ओळ वाढवलेली दिसते: ‘हिशेब लिहायला माणूस पाहिजे. टॅली यायला पाहिजे.’ लेथवाल्याची परीक्षा मालक पाच मिनिटांत घेतो. हातात एक तुकडा देतो, काम झाले की मायक्रोमीटर लावतो, निकाल लागतो. हिशेबाच्या माणसाला मात्र ‘आधी कुठं होतासा? पगार किती घेणार?’ एवढेच विचारून दुसऱ्या दिवशी खुर्ची दिली जाते. आठवडाभरात जीएसटीचा पासवर्ड, आयकराचा पासवर्ड, डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा आणि कोऱ्या चेकवरच्या दोन-चार सह्या त्याच्या कप्प्यात जाऊन बसतात. मी त्याच खुर्चीवरचा माणूस. लहान वर्कशॉपांचे, दुकानांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे खुर्ची देणाऱ्याने काय बघावे, हे खुर्चीवर बसणाराच जरा बरे सांगू शकेल.

आपल्याकडे या कामाला मान होता. मुजुमदार, फडणीस, पोतनीस ही आडनावेच दप्तरातून आली. राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवणाऱ्या मुजुमदाराला शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्य म्हणून जागा होती. पेढीवरचा दिवाणजी रोज संध्याकाळी कीर्द लिहायचा, तिच्यावरून खतावणी करायचा आणि तेरीज जुळेपर्यंत घरी जायचा नाही. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडायची ती नुसती पूजेपुरती नव्हे. अनेक व्यापाऱ्यांचे हिशेबी वर्षच दिवाळी ते दिवाळी असे आणि आयकर खात्यालाही ते चालत असे. कर आकारणी वर्ष १९८९-९० पासून सगळ्यांना १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले आणि पाडव्याच्या वहीत हळदकुंकू आणि ‘श्री’ एवढेच उरले. पुढे वहीची जागा संगणकाने घेतली. टॅलीची सुरुवात १९८६ साली बंगळुरात झाली. वडिलांच्या धंद्याचा हिशेब नीट लिहिता यावा म्हणून मुलाने तयार केलेला तो प्रोग्राम. आता ‘टॅलीला टाकलं का?’ हे आमच्याकडचे क्रियापदच झाले आहे.

कुणाला नेमायचे याआधी कशाला नेमायचे हे ठरवा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. बिले नोंदवणे, बँकेशी मेळ घालणे, येणे-देणे काढणे हे हिशेबनिसाचे काम. रिटर्न तयार करून भरणे हे कर सल्लागाराचे किंवा जीएसटी प्रॅक्टिशनरचे. ऑडिटवर सही सीएची. लहान धंद्यात पहिली दोन कामे एकच माणूस करतो, त्यात वावगे काही नाही. पण टॅली येते म्हणजे कर कळतो असे नव्हे. जीएसटी अधिकाऱ्यासमोर तुमच्या वतीने उभे राहायला तो तुमचा कायम नोकर किंवा नातेवाईक असावा लागतो, नाहीतर वकील, सीए किंवा नोंदणी केलेला प्रॅक्टिशनर. चार दुकाने धरून आठवड्यातून दोनदा येणारा माझ्यासारखा पार्टटाइम माणूस प्रॅक्टिशनर नसेल, तर साहेबांच्या टेबलापर्यंत तो नुसता सोबत म्हणून येतो.

तुमची वस्तूंची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्याबाहेर जात नसेल, तर सहसा जीएसटी नोंदणीचीच सक्ती नाही. सेवा देणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाखांची. महिन्याला वीस-पंचवीस बिले असणाऱ्याने रविवारी दोन तास बसावे आणि पगार वाचवावा. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो आहे.

आता एका वर्कशॉपची गोष्ट. मालक हाडाचा कारागीर, कास्टिंगवर मशिनिंग करून मोठ्या कंपनीला पुरवायचा. जुन्या हिशेबनिसाशी दोन महिन्यांच्या थकलेल्या पगारावरून वाजले आणि तो काम सोडून दुसऱ्या शहरात गेला. (पगार थकवला होता मालकानेच, हेही सांगायला हवे.) मध्ये सात-आठ महिने गेले. एक भाचा बिले टॅलीला टाकत होता. रिटर्न कोणीतरी भरत असेल, असा सगळ्यांचा समज. मग कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला: ‘तुमचा जीएसटी नंबर सस्पेंड दाखवतोय, पेमेंट थांबवलंय.’ मालक माझ्याकडे आला तो घामाघूम. ‘साहेब, एक नोटीस आली नाही हो मला!’

नोटिसा आल्या होत्या. सगळ्या आल्या होत्या. नोंदणी करताना मोबाईल आणि ईमेल दोन्ही त्या जुन्या हिशेबनिसाचे टाकलेले. मालकाला ओटीपीची कटकट नको म्हणून ही सोय केलेली. रिटर्न न भरल्याची नोटीस, सहा महिने झाल्यावर नोंदणी रद्द का करू नये अशी विचारणा, सगळे त्या माणसाच्या मेलमध्ये पडून राहिले. त्याने मुद्दाम दडवले असे मला वाटत नाही. सोडलेल्या नोकरीचे मेल कोण वाचतो?

उशिराचा दंड फार मोठा नसतो, म्हणून लोक निवांत असतात. तोही हिशेब मांडून बघू. ४०,००० रुपये कर असलेले महिन्याचे ३बी रिटर्न दहा दिवस उशिरा भरले, तर दिवसाला ५० रुपयांप्रमाणे ५०० विलंब शुल्क आणि वर्षाला १८ टक्क्यांनी सुमारे १९७ रुपये व्याज. सातशे रुपयांच्या आतबाहेर. खरा फटका दुसरीकडे बसतो. तुमची विक्रीबिले दाखवणारे जीएसटीआर-१ वेळेत गेले नाही, तर ती बिले तुमच्या गिऱ्हाइकाच्या २बी पत्रकात उमटत नाहीत, आणि तिथे उमटल्याशिवाय त्याला तुमच्या बिलातल्या कराची वजावट घेता येत नाही. मग तो कराएवढी रक्कम दाबून धरतो; पुढची ऑर्डर देताना शेजारच्या वर्कशॉपचा भाव विचारतो.

म्हणून हिशेबनीस पारखायची खरी जागा म्हणजे २बीचा मेळ. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर हे पत्रक तयार होते: पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेली बिले. २० तारखेला ३बी भरायचे. मधले सहा दिवस म्हणजे आमची पंढरीची वारी. तुमच्या खरेदीवहीत एक लाखाच्या कास्टिंगचे बिल आहे, त्यावर १८,००० कर, पैसेही दिलेत. २बीत मात्र ते बिल नाही. कारणे नाना. पुरवठादाराने रिटर्नच भरले नसेल. यादीतून नाव निवडताना त्याच्याकडून तुमच्याऐवजी शेजारची पार्टी निवडली गेली असेल. किंवा तो तिमाही रिटर्नवाला असेल, पाच कोटींच्या आतला, आणि मधल्या महिन्यांची बिले चढवायची सोय वापरत नसेल. तसे असेल तर ऑक्टोबरचे बिल तुम्हाला १४ जानेवारीच्या पत्रकात दिसणार. चांगला हिशेबनीस १५ तारखेला सकाळी अशी यादी काढतो आणि फोन लावत बसतो: ‘भाऊ, तुमचं अमुक नंबरचं बिल दिसंना झालंय बघा.’ वाईट हिशेबनीस १९ च्या रात्री जे २बीत आहे ते घेतो, नाही ते सोडतो. सोडलेले पुढे घेता येते, पण आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. त्यानंतर तुमचे १८,००० सरकारजमा. गंमत अशी की हे नुकसान कुठल्याच कागदावर नुकसान म्हणून दिसत नाही.

परीक्षा कशी घ्यायची? मायक्रोमीटर लावायचाच. गेल्या महिन्याची बिलांची पिशवी आणि बँकेचे स्टेटमेंट पुढ्यात ठेवा, एक दिवस द्या, त्या दिवसाचे पैसेही द्या. संध्याकाळी बँकेची शिल्लक टॅलीशी जुळली पाहिजे. न जुळलेल्या रकमांच्या ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात किती रक्कम ढकलली आहे तेवढे बघा. मग दोन-तीन प्रश्न विचारा. कोगनोळी नाका ओलांडून निपाणीला माल पाठवला तर कर कुठला? उत्तर एका श्वासात यावे: आयजीएसटी, गिऱ्हाइकाचा नंबर २९ ने सुरू होणार, आपला २७ ने. इथे चुकून राज्यातला कर लावला तर आधी योग्य कर खिशातून भरायचा आणि चुकीच्याचा परतावा मागत बसायचे. दुसरा प्रश्न ट्रकच्या भाड्याचा. वाहतूकदाराने कर लावला नसेल तर बहुतेकदा तो आपल्यालाच उलट भरावा लागतो, आणि भाड्याची पावती खर्चात टाकून मोकळे होणारे हिशेबनीस मी ढिगाने पाहिले आहेत. तिसरा माझा आवडता: कामगाराचा व्यवसाय कर फेब्रुवारीत किती कापायचा? २०० म्हणाला तर त्याने प्रत्यक्ष पगारपत्रक कधी केलेले नाही. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात.

बदलांवर त्याची नजर आहे का, हेही चाचपा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये आल्या. फरसाणाच्या पाकिटावरचा कर १२ वरून ५ झाला. १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून, म्हणजे आमची पाठ असलेली कलमेही बदलली.

मालकाला एक माणूस फार हुशार वाटतो. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. हा हुशार हिशेबनीस एकदम रोख दिलेल्या बावीस हजारांची तीन तारखांची तीन व्हाउचर करून देतो, चहा पिता पिता. मला त्याची भीती वाटते. तारखा बदलायला ज्याचा हात अडखळत नाही, त्याच्याच हाती तुमच्या गल्ल्याचा हिशेब असतो.

आता किल्ल्यांचे. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ४८ सांगते की रिटर्न प्रॅक्टिशनरने भरले तरी त्यातल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी नोंदणी असलेल्याचीच, म्हणजे तुमची. ‘आमच्या अकाउंटंटने चूक केली’ हे वाक्य सुनावणीत दर आठवड्याला ऐकू येते आणि त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा मोबाईल तुमचा, मेल तुमचा, ओटीपी तुमच्याकडे येऊ दे. डिजिटल सही कपाटात, तिची किल्ली घरी. प्रॅक्टिशनरला पासवर्ड द्यायची गरजच नाही. पोर्टलवर त्याला तुमच्यासाठी नेमता येते आणि नको तेव्हा काढता येते. कराचे पैसे त्याच्या हाती रोख देऊ नका, त्याच्या खात्यावर तर मुळीच नाही. चलन त्याने काढावे, पैसे तुमच्या बँकेतून तुम्ही भरावे.

आणि तपासावे. पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही जीएसटी नंबर टाकून त्याने कुठल्या महिन्याचे रिटर्न कधी भरले ते बघता येते. माल घ्यायच्या आधी पुरवठादाराचे बघा, आणि दर महिन्याच्या २१ तारखेला स्वतःचे. दोन मिनिटांचे काम. त्या वर्कशॉपवाल्याने एकदाही केले असते तर ती सात-आठ महिन्यांची कथाच घडली नसती.

पगाराचे थोडे. ‘समोरचा निम्म्यात करतो’ हे वाक्य आमच्या पाचवीलाच पुजले आहे. निम्म्यात करणारा दुप्पट गिऱ्हाइके धरतो आणि २० तारीख सगळ्यांची एकच असते. पैसे बिलांच्या संख्येवर ठरवा, उलाढालीवर नको. वर्षाला कोटीची विक्री दहा बिलांत होते आणि वीस लाखांची तीन हजार बिलांत. बिले देण्याचा दिवसही ठरवून घ्या, तो मालकाने पाळायचा. १८ तारखेला रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगळलेली बिले, त्यातली निम्मी पेट्रोलपंपाची आणि उडालेल्या शाईची, अशी आणून देणाऱ्याला जगातला कुठलाच हिशेबनीस पुरा पडणार नाही. माणूस सोडून चालला की त्याचे देणे आधी चुकते करा आणि टॅलीचा बॅकअप, पासवर्ड, प्रलंबित नोटिसांची यादी सही करून घ्या.

त्या वर्कशॉपचे पुढे असे झाले. मालकाने कागदपत्रे घेऊन जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज केला, नोंदणीवरचा मोबाईल आणि मेल बदलून मिळाला, मग पासवर्ड. तुंबलेली सगळी रिटर्ने कर, व्याज आणि विलंब शुल्कासह भरली, तेव्हा नोंदणी रद्द करण्याची कारवाई थांबली. कंपनीकडून अडकलेले पैसे सुटायला त्यानंतर तीन महिने लागले.

या लक्ष्मीपूजनाला वहीसमोर बसाल तेव्हा मोबाईलवर पोर्टल उघडून तुमच्या नोंदणीवर कोणाचा नंबर आहे ते बघा. दुसऱ्याचा निघाला तर त्याला फोन करा, गोड बोला, दिवाळीच्या शुभेच्छा द्या आणि त्याच्याकडून ओटीपी घेऊन बदलून टाका. असा ओटीपीने केलेल्या बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही.