पार्श्वसंगीताचे अल्बम: ध्वनिमुद्रण ते प्रकाशन

संवादांच्या खाली, पाठलागाच्या मागे आणि दोन प्रसंगांच्या सांध्यात वाजणारे संगीत म्हणजे चित्रपटाचे पार्श्वसंगीत. गाण्यांच्या तबकड्या आपल्याकडे बोलपटांच्या पहिल्या दशकापासून निघत आल्या, पार्श्वसंगीताच्या मात्र अगदी मोजक्या. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीने बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीसारख्या गावांपर्यंत गाणी नेली. त्याच चित्रपटांचे पार्श्वसंगीत ऐकायचे तर जत्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये तिकीट काढूनच बसावे लागे.

याचे एक कारण तबकडीच्या मापात होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात गाणे बसवता येते, अर्ध्या-पाऊण मिनिटाचे सुटे तुकडे नाही. लाँग प्लेच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागल्यावर ही अडचण संपली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’चे जॉन विल्यम्स यांचे संगीत दोन लाँग प्लेवर निघाले आणि जगभर खपले. आपल्याकडे १९७५ च्या ‘शोले’च्या गाण्यांच्या तबकडीत राहुलदेव बर्मन यांचे शीर्षकसंगीत होते. त्याच्या संवादांची तबकडीही जोरात चालली. गाण्यांपलीकडचा चित्रपटही लोक कानांनी ऐकायला तयार आहेत, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

मुंबईत त्या काळी पार्श्वसंगीत प्रत्यक्ष चित्र पाहत वाजवले जाई. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चाले. कोणत्या क्षणी संगीत सुरू व्हायचे आणि कुठे थांबायचे, हे स्टॉपवॉच लावून टिपले जाई. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या गोव्याच्या अरेंजरांनी ज्या स्टाफ नोटेशनची शिस्त मुंबईत रुजवली, त्यातले कागद वादकांसमोर येत आणि अख्खा ताफा एकदम वाजवे. एक जण चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आता वादकांच्या कानांत ठेक्याची टिकटिक असते आणि प्रत्येक वाद्यगटाचा ट्रॅक वेगळा नोंदला जातो. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्या चित्रपटाच्या मूळ अल्बममध्ये मात्र चारच गाणी आहेत.

अल्बमची खरी मेहनत संपादनात असते, आणि तिची सुरुवात मूळ शोधण्यापासून होते. सर्वांत चांगले मूळ म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळची फीत, कारण तिच्यावर फक्त संगीत असते. ती नसेल तर डबिंगसाठी बनवलेला, संवाद वगळलेला ट्रॅक. त्यात संगीतासोबत दारांचे आवाज आणि घोड्यांच्या टापा मिसळलेल्या असतात. तोही नसेल तर चित्रपटाची प्रत उरते, आणि तिच्यातून संवादाखालचे संगीत निखळ वेगळे काढणे फार कठीण. जुन्या स्टुडिओंत अंतिम मिश्रण झाले की फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. पार्श्वसंगीताच्या बाबतीत आपले सर्वांत मोठे नुकसान याच सवयीने केले आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही फितींवरचा चिकट थर दमट हवेने सुटू लागतो. अशी फीत तशीच चालवली तर थर यंत्राच्या हेडवर खरवडून निघतो. म्हणून आधी ती पन्नासेक अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवतात, मग लगेच डिजिटल नोंद करून घेतात. त्यानंतर एकाच तुकड्याच्या अनेक वादनांमधून चित्रपटात वापरलेले ओळखायचे. चाळीस सेकंदांचा तुकडा स्वतंत्र ऐकवला तर अर्धवट वाटतो. म्हणून सूर आणि लय जुळणारे शेजारचे तुकडे जोडतात. सांधा ऐकू येऊ नये यासाठी पहिल्या तुकड्याचा शेवटचा स्वर विरत असतानाच दुसरा आत घेतात. तुकडे चित्रपटातल्या क्रमाने ठेवायचे की ऐकायला रंगेल अशा क्रमाने, यावर संग्राहकांत कायम दोन पक्ष असतात. पहिला मार्ग अभ्यासाला सोयीचा. पण एकच धून पाच वेळा फिरून येत असेल तर दुसराच बरा. फितीची खरखर काढतानाही हात आवरावा लागतो, कारण तिच्याबरोबर व्हायोलिनचा श्वास आणि झांजेची चमकही निघून जाते.

पुढे हक्कांचा प्रश्न येतो. अनेक जुन्या करारांत संगीत कंपनीला गाणी मिळत आणि उरलेले सारे निर्मात्याकडे राही. निर्मितीसंस्था बंद पडली असेल तर परवानगी कोणाकडे मागायची, इथूनच शोध घ्यावा लागतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो.

परदेशात अशा अल्बमच्या एक ते तीन हजार प्रती काढून संग्राहकांना विकणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. आपल्याकडे डिजिटल प्रकाशनाने छपाईचा खर्च वाचवल्यामुळे वाट थोडी मोकळी झाली. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’चे शीर्षकगीत अजय-अतुल यांचे आणि पार्श्वसंगीत डेन्मार्कचे जेस्पर किड यांचे, किड यांचे संगीत स्वतंत्र अल्बम म्हणून ऐकायला मिळते. छापील आवृत्तीत सोबत पुस्तिका येते. चांगल्या पुस्तिकेत प्रत्येक तुकडा कोणत्या प्रसंगाचा, कधी आणि कुठे ध्वनिमुद्रित झाला हे असतेच. शिवाय चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्या वादकांची नावे वाद्यांसह छापलेली असतात.