नफा आहे, रोकड कोठे?

रायपूरच्या बूढापारा भागातील एखाद्या लहान कंपनीची कल्पना करू. व्याज व कर तूर्त बाजूला ठेवू. वर्षअखेर नफा १,००,००० रुपये. तरीही पगाराला रोकड नाही. याचा उलगडा रोख प्रवाह विवरणपत्रातून होतो. घसाऱ्याचे २०,००० रुपये नफ्यात मिळवावेत, कारण त्यापोटी रोकड बाहेर जात नाही. येणी ९०,००० रुपयांनी आणि मालसाठा ५०,००० रुपयांनी वाढला. या रकमा वजा कराव्यात. देणी १०,००० रुपयांनी वाढली, ती मिळवावी. उत्तर येते उणे १०,००० रुपये. यंत्रखरेदी आणि कर्जे यांचे प्रवाह यानंतर स्वतंत्रपणे मांडले जातात. कंपनी कायदा, २०१३ नुसार लहान कंपनीला हे विवरणपत्र सक्तीचे नाही. मात्र उधारीत अडकलेला पैसा वेळीच दिसावा, याची निकड तिलाच अधिक असते.